पूर्णांकांतली उकल आणि पूर्ण संख्यांतली उकल: एका समीकरणाचे दोन प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात पीयूसी (अकरावी-बारावी) करता करता गणित ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या मुलांना डायोफंटाइन समीकरणांची, म्हणजे ५क्ष + ८य = २७ सारख्या, पूर्णांकांत उत्तर शोधायच्या समीकरणांची, ओळख बहुधा एका नियमाने होते: दोन सहगुणकांच्या मसाविने उजव्या बाजूच्या संख्येला पूर्ण भाग जात असेल तर समीकरणाला उकल असते, नाहीतर नसते. नियम अचूक आहे. मात्र तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो आणि परीक्षेत पुष्कळदा विचारलेला असतो दुसराच प्रश्न. क्ष आणि य यांना ऋण किंमती चालतील, म्हणजे ते कोणतेही पूर्णांक असू शकतील, हा एक प्रश्न झाला. त्यांच्या किंमती ०, १, २, ३ अशा पूर्ण संख्याच हव्यात, हा दुसरा. समीकरण दोन्हीकडे तेच असल्यामुळे एकाची रीत दुसऱ्याला लावली जाते.

बेळगावच्या रविवार पेठेत एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे दोन पारड्यांचा तराजू आहे आणि वजने दोनच प्रकारची, ५ किलोची आणि ८ किलोची, पण हवी तितकी आहेत, अशी कल्पना करू. अशी वजने बाजारात मिळत नाहीत, ती केवळ हिशेबासाठी घेतली आहेत. त्याला २७ किलो गूळ एकाच वेळी तोलायचा आहे. वजने फक्त समोरच्या पारड्यात ठेवायची असतील तर ५क्ष + ८य = २७ या समीकरणाची उकल पूर्ण संख्यांत हवी. गुळाच्या पारड्यातही वजन ठेवण्याची मुभा असेल तर ते वजन वजा धरले जाते आणि उकल पूर्णांकांत असली तरी पुरते. ५ आणि ८ यांचा मसावि १ आहे, म्हणून दुसऱ्या प्रकारे काम होणार हे आधीच ठरलेले आहे: ८ किलोची चार वजने एका पारड्यात आणि ५ किलोचे एक वजन गुळाशेजारी, म्हणजे ३२ − ५ = २७. पहिल्या प्रकारे मात्र २७ किलो कधीच तोलता येत नाही. ८ किलोची शून्य, एक, दोन किंवा तीन वजने घेतली तर अनुक्रमे २७, १९, ११ आणि ३ किलो उरतात आणि यांतल्या एकालाही ५ ने भाग जात नाही.

इतक्या लहान संख्यांना अशी तपासणी पुरते. संख्या मोठ्या झाल्या की युक्लिडची भागाकाराची रीत लागते आणि खरा घोटाळा तिथे होतो, म्हणून ती सावकाश पाहणे आवश्यक आहे. ८ = ५ + ३, ५ = ३ + २, ३ = २ + १. आता उलट दिशेने बाक्या भरत गेल्यास १ = ३ − २ = २×३ − ५ = २×८ − ३×५ असे मिळते. दोन्ही बाजूंना २७ ने गुणले की क्ष = −८१, य = ५४ ही एक उकल हाती येते. या टप्प्यावर दोन चुका होतात. −८१ हा आकडा पाहून काही जण पूर्ण संख्यांत उकल नाही असे लिहून टाकतात; २७ च्या बाबतीत योगायोगाने उत्तर बरोबर येते, पण कारण चुकीचे असते. उजवीकडे २७ ऐवजी २८ घेतले तर हीच रीत क्ष = −८४, य = ५६ देते आणि तरीही क्ष = ४, य = १ ही सरळ उकल तिथे आहेच. दुसरे काही जण मसावि १ दिसताच उकल आहे म्हणून थांबतात आणि २७ लाच फसतात.

योग्य वाट अशी आहे की हाती आलेली एक उकल घेऊन सगळ्या उकली लिहाव्यात. क्ष मध्ये ८ मिळवले आणि य मधून ५ वजा केले तर बेरीज बदलत नाही; म्हणून २७ च्या सर्व उकली क्ष = −१ + ८त, य = ४ − ५त अशा आहेत, जिथे त हा कोणताही पूर्णांक आहे. क्ष ऋण नसण्यासाठी त निदान १/८ हवा आणि य ऋण नसण्यासाठी तो जास्तीत जास्त ४/५ हवा. १/८ आणि ४/५ यांच्यामध्ये एकही पूर्णांक नाही. मला सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे दिसतो: पूर्णांकांतल्या उकली असल्या तर अनंत असतात, नसल्या तर एकही नसते, पूर्ण संख्यांतल्या उकली मात्र, दोन्ही सहगुणक धन असतील तेव्हा, एका मर्यादित पट्टीत बसणाऱ्या पूर्णांकांइतक्याच असतात. सहगुणक सहमूळ असतील, म्हणजे त्यांचा मसावि १ असेल, तर या पट्टीची लांबी उजवी बाजू भागिले सहगुणकांचा गुणाकार इतकी असते. आपल्या उदाहरणात ती २७/४० आहे. उजवी बाजू ४० किंवा अधिक झाली की लांबी निदान १ होते आणि पट्टीत एक तरी पूर्णांक सापडतोच.

प्रत्यक्षात ४० पर्यंतही थांबावे लागत नाही. अ आणि ब या १ पेक्षा मोठ्या सहमूळ संख्या असतील तर एका पारड्यात न तोलता येणारी सर्वांत मोठी संख्या अ×ब − अ − ब ही असते; ५ आणि ८ साठी ती ४० − १३ = २७. अशा न जमणाऱ्या संख्या एकूण किती, याचे उत्तर सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाच्या नावाशी जोडलेले आहे: (अ − १)(ब − १)/२, म्हणजे इथे ४×७/२ = १४. ० ते २७ या २८ संख्यांपैकी बरोबर निम्म्या.

निम्म्याच का, याचे कारण फार देखणे आहे. ‘न’ या अक्षराने दाखवलेली कोणतीही पूर्णांक संख्या ५क्ष + ८य अशी लिहिताना क्ष ० ते ७ मधला घेण्याची अट घातली तर ती एकाच प्रकारे लिहिता येते, आणि य ऋण नसेल तेव्हाच ती एका पारड्यात तोलता येते. आता २७ = ५×७ − ८ असल्यामुळे २७ − न = ५(७ − क्ष) + ८(−१ − य). ७ − क्ष हाही ० ते ७ मधलाच आहे, आणि य व −१ − य यांपैकी नेमका एकच ऋण असतो. म्हणून ‘न’ आणि २७ − न या जोडीतली एक जमते, दुसरी जमत नाही: १३ जमते, १४ नाही, २१ जमते, ६ नाही.

आपल्याकडच्या परंपरेत हा घोटाळा फारसा का उद्भवला नाही, हेही पाहण्यासारखे आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास मांडलेला आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत विस्ताराने शिकवलेला कुट्टक दोन भाजकांनी भागून दिलेल्या बाक्या उरणारी संख्या शोधतो. तिथे ती संख्या दोन प्रकारे लिहून बरोबरीत ठेवावी लागते, म्हणून समीकरणात मधले चिन्ह वजाचे येते. ५क्ष − ८य = २७ मध्ये क्ष ८ ने वाढला की य ५ ने वाढतो; दोघे एकाच दिशेने चालतात, त्यामुळे पूर्णांकांत उकल असेल तर धन उकलीही असतात आणि त्या अनंत असतात. तिथे दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येते. ज्याच्या नावाने ही समीकरणे ओळखली जातात तो डायोफंटस तर धन परिमेय उकलींवर, म्हणजे अपूर्णांकांवरही, समाधानी होता.

वजनांचे प्रकार दोनाहून अधिक झाले की दोन प्रश्नांमधले अंतर वाढते. दोन्ही पारडी वापरायची असतील तर वजने कितीही प्रकारची असोत, मसावि काढणे सोपेच राहते. एका पारड्यासाठी न जमणारी सर्वांत मोठी संख्या शोधणे, ज्याला फ्रोबेनियसचा प्रश्न म्हणतात, हे वजनांच्या प्रकारांच्या संख्येला मर्यादा नसेल तर संगणकालाही अवघड प्रश्नांमध्ये मोडते. ६, १० आणि १५ ही तीन वजने घेऊ. यांतल्या कोणत्याही दोघांचा मसावि १ नाही, पण तिघांचा १ आहे. ६ आणि १० एका पारड्यात आणि १५ मालाशेजारी ठेवले की १ किलो तोलला जातो. एका पारड्यात मात्र २९ किलो जमत नाही: २९ विषम असल्याने १५ चे वजन विषम वेळा, म्हणजे एकदाच, घ्यावे लागेल आणि उरलेले १४ किलो ६ आणि १० यांनी बनत नाहीत. ३० ते ३५ या सहाही संख्या जमतात (३१ = १५ + १० + ६, ३२ = १० + १० + ६ + ६, ३४ = १० + ६×४), आणि त्यांत ६ मिळवत गेल्यावर पुढच्या सगळ्याच जमतात.