सामुदायिक वनातील जिओकॅशिंग

जिओकॅशिंग हा उपग्रहांच्या मदतीने खेळायचा शोधाशोधीचा खेळ. एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर द्यायचे, बाकीच्यांनी जीपीएस यंत्र किंवा मोबाइल घेऊन तो हुडकायचा. डबा आणि त्याची संकेतस्थळावरची नोंद मिळून ‘कॅश’ होते. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहून डबा होता तिथेच, होता तसाच ठेवायचा. ब्रिटनमधील सामुदायिक वने, म्हणजे गावकऱ्यांच्या मंडळाने, पॅरिश कौन्सिलने (तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेने) किंवा एखाद्या न्यासाने सांभाळलेली छोटी झाडी, या खेळाला सोयीची असतात. मात्र जागा लहान असली की खेळाचे बहुतेक हिशेब बदलतात.

२ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि यंत्राची अचूकता सुमारे दहापटीने वाढली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर याने ऑरेगनमधील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिशचे ‘जिओकॅशिंग डॉट कॉम’ हे या खेळाचे संकेतस्थळ सुरू झाले. ब्रिटनमध्ये या खेळाचा पूर्वज आधीपासून होता. जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये इंग्लंडमधील डार्टमूर माळरानावरच्या क्रॅनमियर पूलपाशी व्हिजिटिंग कार्डे टाकण्यासाठी बाटली ठेवली, त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ हा लपवलेल्या पेट्या शोधण्याचा खेळ रुजला.

परवानगी. वनातून सार्वजनिक पायवाट जात असली तरी तो हक्क चालण्यापुरता असतो, वस्तू ठेवण्याचा नव्हे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने फिरण्याची मोकळीक बरीच मोठी आहे, तरी डब्यासाठी विचारावे लागतेच. सामुदायिक वनात मालक एक आणि सांभाळणारे दुसरे, असे पुष्कळदा असते, दोघांनाही विचारावे. अर्जासोबत नकाशावर खूण, जागेचे छायाचित्र आणि डब्याचे माप द्यावे. छाटणीचे वेळापत्रकही मागून घ्यावे: हेझलची झुडपे ठरावीक वर्षांनी बुंध्यापासून छाटतात आणि त्या हिवाळ्यात गर्द आडोसा उघडा पडतो.

अंतराचा नियम. दोन कॅशांच्या डब्यांत किमान ०.१ मैल, म्हणजे १६१ मीटर अंतर लागते. वन २५० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद, म्हणजे पाच हेक्टरांचे धरले, तर चार कोपऱ्यांत चार डबे बसतात. पाचवा नेमका मध्यभागी ठेवू म्हटले, तर तो प्रत्येक कोपऱ्यापासून १६०.०८ मीटरवर येतो आणि मीटरभराने हुकतो. शिवाय कोपरे म्हणजे शेजाऱ्याचे कुंपण नाही तर रस्ता. प्रत्यक्षात दोन-तीनच डबे मावतात, आणि कुंपणाबाहेर कुणाचा डबा असला तर तेवढेही नाहीत. म्हणून छोट्या वनात साध्या डब्यांची रांग लावण्यापेक्षा एकच ‘मल्टी-कॅश’, म्हणजे वाटेतल्या टप्प्यांवरचे आकडे जुळवून शेवटच्या डब्याचे अक्षांश-रेखांश काढायची कॅश, करावी हे उत्तम. वाटेतले आकडे वनात आधीच असलेल्या वस्तूंवरून घ्यायचे: बाकावरच्या पाटीतले वर्ष, दिशादर्शक खांबाचा क्रमांक. असे टप्पे अंतराच्या नियमात मोजले जात नाहीत. आकडे छापलेले किंवा कोरलेलेच घ्यावेत. ‘पायऱ्या मोजा’ म्हटले की सर्वांत खालची धरायची की नाही यावर घोळ होतो. सगळ्या अंकांची बेरीज दिली की शोधणाऱ्याला आपली चूक कळते. तरी बाक बदलला किंवा पाटी रंगवली गेली की साखळी तुटते. तेव्हा वनमंडळाशी संपर्क ठेवणे आलेच.

मोजमाप. अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत, तीन दशांशस्थळांपर्यंत देतात. मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशात सुमारे १.८५ मीटर. रेखांशात मात्र मध्य इंग्लंडमध्ये तो १.१४ मीटरच भरतो (पुण्याच्या अक्षांशावर पावणेदोन). यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या जागतिक मोजणीपद्धतीवर असावे. ते चुकून ब्रिटिश नकाशांच्या पद्धतीवर राहिले तर डबा शंभरेक मीटर सरकतो, म्हणजे छोट्या वनाच्या बाहेरच जातो. पानांच्या छताखाली, विशेषतः ओल्या पानांखाली, संकेत क्षीण होतात आणि खोडांवरून उसळून येतात. पाच मीटरची चूक पंधरावर जाते. यंत्र जागेवर ठेवून काही मिनिटे स्थिरावू द्यावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे आणि सरासरी घ्यावी. पानगळीनंतरचे मोजमाप सर्वांत भरवशाचे.

डबा. चार बाजूंनी चापाचे झाकण आणि सिलिकॉनची कड असलेला, अर्धा ते एक लिटरचा डबा बहुतेक ठिकाणी पुरतो. पाणी शिरण्याचे नेहमीचे कारण डबा फुटणे हे नसतेच: वहीच्या प्लॅस्टिक पिशवीचा कोपरा झाकणात अडकतो आणि कडेखालून पाणी झिरपते. पिशवी डब्यापेक्षा बरीच लहान घ्यावी. फोटोफिल्मची डबी स्वस्त, पण आतला कागद ओलसर होतो आणि गोगलगायी तो खातात. सोबत पेनऐवजी पेन्सिल ठेवावी, ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही. खाऊ किंवा वासाची वस्तू नको. उंदीर आणि खारी प्लॅस्टिक कुरतडतात. डब्यावर बाहेरून ‘जिओकॅश’ असे ठळक लिहून कॅशचा क्रमांक घालावा. २०११ मध्ये वेदरबी गावात रस्त्यावरचा एक डबा संशयास्पद वाटल्याने बॉम्बविरोधी पथकाने उडवून दिला होता.

जागा. जमीन खणायची नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही. बॅजर या प्राण्याची बिळे, वटवाघळांच्या ढोल्या आणि ॲश वृक्षांचे बुंधे टाळावेत. ॲशवरील बुरशीरोग ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळला आणि रोगट झाडाच्या फांद्या अचानक कोसळतात. सर्वांत मोठे नुकसान मात्र पायांनी होते. यंत्राची चूक दहा मीटर म्हणजे शोधणारा तेवढ्या वर्तुळात सगळीकडे फिरणार, आणि वसंतात तिथे ब्लूबेलची फुलझाडे असतील तर तुडवलेली पाने पुन्हा उभी राहत नाहीत. डबा वाटेपासून दोन-तीन मीटरांत, पडक्या ओंडक्यामागे ठेवावा आणि तो कुठे आहे याचा इशारा स्पष्ट द्यावा. संकेतस्थळावर हा इशारा प्रत्येक इंग्रजी अक्षराऐवजी वर्णमालेत तेरा जागा पुढचे अक्षर घालून लिहिलेला असतो, हव्या त्यानेच उलगडावा. वनात ‘झाडाच्या मुळाशी’ हा इशारा म्हणजे थट्टा आहे; ‘दोन खोडांच्या होली झाडाच्या उत्तरेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर’ असे लिहावे.

देखभाल. नोंद प्रसिद्ध होण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षक ती तपासतो. लागोपाठ दोघांनी ‘सापडला नाही’ लिहिले की जाऊन पाहावे. वर्षातून दोनदा, पानगळीनंतर आणि वसंतापूर्वी, तसेही जावे. डबा बहुधा चोरीला गेलेला नसतो. एकाने थोडा वेगळा ठेवला, दुसऱ्याने आणखी थोडा, असा तो काही मीटर सरकलेला असतो. आधी ओंडक्याच्या पलीकडच्या बाजूला पाहावे. कॅश बंद करायची असेल तर आधी डबा काढून आणावा, बांधलेली तार किंवा दोरीही सोडवावी, मग वनमंडळाला कळवून नोंद मिटवावी.