स्थलदर्शक नकाशा आणि जीपीएस (सह्याद्रीतील वापर)

स्थलदर्शक नकाशा, भटक्यांच्या बोलीत ‘टोपोशीट’, हे भारतीय सर्वेक्षण विभागाचे (स्थापना १७६७, मुख्यालय डेहराडून) प्रकाशन. १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर २ सेंमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी. पत्रकाचा पसारा अक्षांश-रेखांशांत प्रत्येकी १५ मिनिटे. जुन्या क्रमांकपद्धतीत पुणे ४७ एफ/१४ वर सापडते. पायवाटा आणि वस्त्या लाल, झाडी हिरवी, शेती पिवळी. बारमाही पाणी निळे, आटणारे ओढे काळे. मार्च-एप्रिलच्या भटकंतीत आधी हेच पाहावे.

समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तपकिरी असतात, दर २० मीटरला एक. त्या एकमेकींना चिकटल्या की कडा. त्यांचे टोक चढाकडे वळले तर नाळ किंवा घळ (डोंगरातली खोलगट चीर), उताराकडे वळले तर सोंड (पुढे आलेली धार). पण दहा-बारा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधे सहज लपतो, आणि नाळेतून उतरताना माणूस नेमका तिथेच अडकतो. शिवाय सर्वेक्षण जुने असेल तर नकाशातली पायवाट कारवीने गिळलेली किंवा धरणाच्या फुगवट्याखाली गेलेली असू शकते.

फोनमधील जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, किमान चार उपग्रह दिसावे लागतात. मोकळ्या पठारावर चूक साधारण पाच मीटरची. कड्याच्या पोटात किंवा अरुंद नाळेत संदेश कातळावर आपटून येतात आणि पडद्यावरचा ठिपका उड्या मारू लागतो. नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावा, कारण रेंज नसताना ठिपका दिसतो पण त्याखालचा पडदा कोरा राहतो. दुसऱ्याने नोंदवलेल्या वाटेत (जीपीएक्स फाइल) त्याच्या चुकाही जशाच्या तशा उतरतात.

दोन्ही साधने एकत्र वापरताना खरी फसगत होते ती डेटममुळे, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजले जातात त्यामुळे. जुनी पत्रके एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचे जुने गणिती रूप) बेतलेली आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक डेटमवर. फोनमधले आकडे जुन्या पत्रकावर तसेच मांडले तर सह्याद्रीत जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. नकाशावर ते जेमतेम २ मिमी, पण धारेवर तेवढ्यात माणूस पलीकडच्या दरीत दिसतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतरची खुली मालिका (सर्वसामान्यांसाठीची पत्रके) डब्ल्यूजीएस-८४ वरच आहे. कोणते पत्रक हाती आहे ते समासातील टीप वाचून ठरवावे. होकायंत्राचा प्रश्न त्यामानाने किरकोळ: महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाहूनही कमी फरक पडतो, त्यामुळे दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

धुके उतरण्याआधीच, दोन ओळखीची शिखरे दिसत असताना, होकायंत्राने त्यांचे दिशाकोन (उत्तरेपासूनचे कोन) घेऊन पत्रकावर त्या शिखरांपासून उलट रेघा ओढाव्यात. त्या जिथे छेदतात ती आपली जागा. फोनचा ठिपका तिच्याशी जुळत नसेल तर आधी डेटम तपासावा.

२०१७ पासून खुल्या मालिकेची पत्रके पीडीएफ रूपात विनामूल्य उतरवता येतात. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला तर प्रमाण बिघडते. छापील प्रमाणपट्टीवरचा १ किमी मोजपट्टीने २ सेंमी भरतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे.