पहिलीचा प्रवेश: शाळा कुणाची, कागद कोणते आणि रजिस्टरात काय लिहून घ्यायचं

मुलाचं नाव शाळेत घालण्याआधी माध्यम आणि बोर्ड विचारतातच सगळे. त्याच्याही आधी विचारा, शाळा कुणाची? फी, पुस्तकं, पोषण आहार, राखीव जागा आणि तक्रारीचा दरवाजा, सगळं त्यावर ठरतं.

महाराष्ट्रात गावाकडे जिल्हा परिषदेच्या आणि शहरात महापालिका-नगरपालिकेच्या शाळा आहेत. खासगी अनुदानित शाळा चालवते संस्था, पण शिक्षकांचा पगार शासन देतं. या दोन्हींत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार मोफत मिळतो. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा खर्च मात्र फीतूनच निघतो. पाटीवरचा 'शासनमान्य' शब्द पाहून पुष्कळ पालक फसतात. मान्यता म्हणजे अनुदान नव्हे. मान्यतासुद्धा गृहीत धरू नका. मान्य शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक) असतो आणि महाराष्ट्रात त्याची सुरुवात २७ ने होते. तो सांगायला कार्यालय टाळाटाळ करत असेल तर पैसे भरू नका. सीबीएसईची शाळा असेल तर संलग्नता क्रमांक आणि राज्याचं ना हरकत प्रमाणपत्रही मागा.

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच असतात. पाचवीला मुलं कुठे जातात हे प्रवेशाच्या वेळीच विचारलेलं बरं. अडचण आली तर आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). थेट मंत्रालयात पाठवलेला अर्ज फिरून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्याच टेबलावर येतो, मधले आठवडे वाया जातात.

पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत, नर्सरीसाठी तीन. २ जानेवारीला जन्मलेलं मूल दोन दिवसांनी हुकतं आणि वर्षभर थांबतं. नर्सरीत घाईने घातलेल्या मुलांचा हा घोळ पहिलीत उघडा पडतो, म्हणून हिशेब नर्सरीलाच करा.

कागदांत पहिला जन्मदाखला. बारशाआधी नोंद झाली असेल तर त्यावर बाळाचं नावच नसतं. ते ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून आधी घालून घ्या. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम १४). दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद, नाहीतर पालकाचं प्रतिज्ञापत्र चालतं. मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी किंवा देणगी घेणंही त्याच कायद्यात निषिद्ध आहे. आधारकार्डावरून प्रवेश अडवता येत नाही, तरी शिक्षक त्याच्यामागे का लागतात हे समजून घ्या. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत आधार जुळलेलेच विद्यार्थी मोजले जातात. आधारवर 'आरव' आणि जन्मदाखल्यावर 'आराव' असेल तर विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शासनाच्या पोर्टलवर नोंद जुळत नाही. आधी आधार दुरुस्त करा, मग शाळेत द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच पालक सर्वाधिक निष्काळजी असतात. अर्जावरची माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरात उतरते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. आडनाव, वडिलांचं आणि आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव-तालुका-जिल्हा, धर्म आणि जात, यांतलं काहीही चुकलं तर मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवून दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर ती फारच अवघड. पुढे जात पडताळणी समिती वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदी मागते. म्हणून वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला सोबत न्या आणि जात त्यावरूनच अक्षर न् अक्षर तशीच लिहा, पोटजातीसकट. नोंद झाल्यावर रजिस्टरातली ओळ स्वतः वाचून घ्या. मागायला संकोच वाटतो, पण मागा.

खासगी विनाअनुदानित शाळेत फीशिवाय प्रवेश हवा असेल तर शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द ठरवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र २५ टक्क्यांचा नियमच लागू नाही, त्यामुळे त्या यादीत दिसत नाहीत. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग, अनाथ अशा वंचित गटांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. इतरांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखापर्यंत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. जातीचा दाखला महाराष्ट्रातलाच हवा.

अर्ज बाद होतात ते मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं, नकाशावरचा फुगा. घराचं ठिकाण तुम्हीच दाखवायचं असतं आणि अंतर त्यावरून मोजलं जातं. शाळा जवळ दिसावी म्हणून तो सरकवला तर पडताळणीत पत्ता जुळत नाही आणि सोडतीत लागलेला प्रवेशही जातो. दुसरं, भाडेकरार: तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान अकरा महिन्यांचा आणि अर्ज भरण्याआधीचा हवा. नोटरीचा कागद चालत नाही. तिसरं, एकाच मुलाचे दोन अर्ज. संधी वाढावी म्हणून आई एक भरते, बाबा दुसरा, आणि दोन्ही बाद होतात. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत शाळेची पूर्ण फी सुरू होते, तेव्हा त्या शाळेची नववीची फी आजच विचारून ठेवा.

मधल्या वर्गात शाळा बदलायची असेल तर नवी शाळा पोर्टलवरून विनंती पाठवते आणि जुनी ती मंजूर करते. दाखला मिळाला नाही म्हणून आठवीपर्यंत वयानुरूप वर्गातला प्रवेश थांबवता येत नाही. जुन्या शाळेने फीच्या थकबाकीवरून दाखला अडवला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोचपावतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.