संरक्षण अर्थसंकल्पात खरोखर मोकळे पैसे किती?

अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशी ‘संरक्षण खर्चात अमुक टक्के वाढ’ हा मथळा ठरलेला. संध्याकाळपर्यंत त्या वाढीत किती लढाऊ विमानं बसतात याचा भागाकारही कुणीतरी करून टाकतं. हा भागाकार मुळातच चुकतो. विमानाची किंमत सहसा एका वर्षात चुकती होत नाही, आणि यंदा खरेदीसाठी मिळालेल्या पैशांतले बरेचसे आधीच्या वर्षांत सह्या केलेल्या करारांत अडकलेले असतात.

वाटपाचा क्रम बहुतेक देशांत साधारण सारखा असतो. अर्थ मंत्रालय कमाल मर्यादा कळवतं, सेनादलं त्याहून मोठी मागणी पाठवतात, मग कात्री चालते. सगळ्यांत आधी बाजूला निघतात पगार आणि निवृत्तिवेतन. तिथे घासाघीस करायला जागाच नसते; आज भरती थांबवली तरी आकडा हलायला वर्षं जातात. भारताच्या २०२५-२६ च्या अंदाजात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये होते. त्यांतले सुमारे १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे आणि सेनादलांच्या भांडवली खर्चाचे १,८०,००० कोटी. उरलेल्या रकमेत पगार, इंधन, सुटे भाग, दारूगोळा, दुरुस्ती, वाहतूक असं सगळं येतं. नव्या शस्त्रांच्या चर्चेत आपण ज्याबद्दल बोलतो तो भाग, म्हणजे हा भांडवली खर्च, एकूण रकमेच्या जेमतेम सव्वीस टक्के. आणि तोही मोकळा नसतो.

तो का मोकळा नसतो, हे एका काल्पनिक देशावरून पाहू. हा देश दरवर्षी १,००० कोटींचे नवे करार करतो. प्रत्येक कराराचे पैसे सहा वर्षांत जातात: सही करताना आगाऊ १५ टक्के, पुढच्या वर्षांत २०, २५, २०, १५ आणि शेवटी ताबा व चाचण्या पूर्ण झाल्यावर ५ टक्के. काही वर्षांनी हे चक्र स्थिरावलं की देशाला दरवर्षी १,००० कोटीच द्यावे लागतात, पण त्यांतले ८५० जुन्या करारांचे हप्ते असतात. नव्या सह्यांसाठी हातात राहतात १५०. म्हणजे कोणतीही उधळपट्टी न करता, अगदी शिस्तीत चालणाऱ्या देशातही खरेदीच्या पैशांतला ८५ टक्के भाग आधीच बांधलेला असतो.

आता अर्थमंत्र्यांनी फक्त दहा टक्के कपात केली. मिळाले ९०० कोटी. जुने ८५० टाळता येत नाहीत, कारण हप्ता थकला तर दंड आणि व्याज लागतं. उरले ५०. आगाऊ रक्कम १५ टक्के असेल तर ५० कोटींत ३३३ कोटींचेच करार होतात. दहा टक्के कपातीने नवी खरेदी दोन तृतीयांशाने घसरली! पुढल्या वर्षी पुन्हा पूर्ण १,००० कोटी मिळाले, तर मागच्या वर्षी करार कमी झाल्यामुळे जुने हप्ते ७१७ वर येतात, २८३ मोकळे होतात आणि सुमारे १,८९० कोटींच्या सह्या करता येतात. त्यांचा बोजा पुढे पडतो, म्हणून त्यानंतरच्या दोन वर्षांत नव्या सह्यांचा आकडा ९२६ आणि मग ५०६ वर येतो. एका वर्षाच्या छोट्या धक्क्याने मागणी अशी वर्षानुवर्षं वरखाली होत राहते, आणि कारखान्याला कामगार किती ठेवायचे तेच कळत नाही. (कागद घेऊन एकदा मांडून पाहावं, चौथ्या वर्षाशी डोकं गरगरतं, पण गणित बेरीज-वजाबाकीचंच आहे.)

पैसे कमी पडले की करार रद्द करण्यापेक्षा तो लांबवण्याकडे कल असतो. इथे दुसरा फटका बसतो. समजा, विमानांच्या कारखान्याचा स्थिर खर्च वर्षाला ६०० कोटी आहे आणि प्रत्येक विमानाचा माल व मजुरी ४० कोटी. वर्षाला २० विमानं बनली तर एक पडतं ७० कोटींना. १० बनली तर १०० कोटींना. उत्पादन निम्मं केलं तरी वर्षाचा खर्च १,४०० वरून १,००० वरच येतो आणि शंभर विमानांचं बिल ७,००० वरून १०,००० कोटी होतं. ब्रिटनने २००८ च्या डिसेंबरमध्ये आपल्या दोन नव्या विमानवाहू नौकांचं काम एक-दोन वर्षांनी लांबवलं, तेव्हा तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने हिशोब मांडला: चार वर्षांत ४५ कोटी पौंड वाचणार, नंतर सुमारे ११२ कोटी जास्त जाणार.

तातडीने वाचवायचं असेल तर कात्री लागते ती सुटे भाग, सराव आणि दारूगोळ्याला. त्यांच्यामागे लांबलचक करार कमी असतात आणि परिणाम संचलनात दिसत नाही. हँगरमध्ये उभं असलेलं विमान एखाद्या पंपासाठी अडलंय, हे अर्थसंकल्पाच्या तक्त्यात कुठेच येत नाही.

म्हणून नाटो या अमेरिका, कॅनडा व युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीने २०२५ पर्यंत धरलेल्या ‘संरक्षणावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्के’ या आकड्याचा उदोउदो मला फारसा पटत नाही. नाटोच्या व्याख्येत निवृत्तिवेतनही मोजलं जातं, तेव्हा निवृत्तांची संख्या वाढली तरी टक्का वर सरकतो. नाटोलाही हे ठाऊक आहे. खर्चाचा पाचवा हिस्सा मोठ्या सामग्रीवर आणि तिच्या संशोधन-विकासावर व्हावा, ही दुसरी अट त्यासाठीच आहे.

अमेरिकेने हप्त्यांच्या गुंत्यावर वेगळा तोडगा काढला आहे. तिथे खरेदीची पूर्ण किंमत साधारणपणे पहिल्याच वर्षी मंजूर करून घ्यावी लागते; रोख मात्र पुढे अनेक वर्षं जात राहते. प्रत्येक पैशाला मुदत असते: देखभालीच्या पैशाचं करारात बांधून घेणं एका वर्षात, संशोधनाचं दोन, खरेदीचं तीन, जहाजबांधणीचं पाच वर्षांत. वरच्या उदाहरणात ही पद्धत वापरली तर दहा टक्के कपातीने नवे करारही दहा टक्क्यांनीच कमी होतील. अडचण येते ती अवाढव्य वस्तूंची. विमानवाहू नौकेची सगळी किंमत एकाच वर्षात मांडली तर नौदलाची बाकीची जहाजं त्या वर्षी उपाशी राहतील, म्हणून तिच्यासाठी काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) हप्त्यांची सवलत दिलेली आहे.