मुक्ती मिशन, केडगाव

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी उभारलेली निराधार मुले, मुली व स्त्रियांसाठीची ख्रिस्ती संस्था. आज ती ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने ओळखली जाते.

संस्थेची मुळे रमाबाईंच्या स्वतःच्या उपासमारीत आहेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तिन्ही माणसे त्यांनी 1870 च्या दशकातील दुष्काळात गमावली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या पायी देशभर भटकल्या. पुढे इंग्लंडला गेल्या असताना लंडनमधील फुलम येथे ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिले. यहुदी लोक ज्यांना दूर ठेवत त्या शोमरोनी समाजातील एका स्त्रीशी ख्रिस्ताने केलेल्या संवादाची बायबलमधील गोष्टही त्यांना इंग्लंडमध्येच ऐकायला मिळाली. त्यांच्या धर्मांतरामागे शास्त्रचर्चेइतकाच या सेवेचाही वाटा होता. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यात आले. ते मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते. 1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांत सर्व जातींच्या मुली होत्या, कित्येक आजारी, कित्येक नुसता हाडांचा सापळा झालेल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर निवारे उभे राहिले. मुक्ती सदन वाढले ते असे निकडीपोटी. गुजरातच्या दुष्काळानंतर, 1900 च्या सुमारास, राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या पोरक्या जिवांना दोन वेळचे जेवण देणे हेच मोठे काम होते; पण रमाबाई तिथे थांबल्या नाहीत, आणि संस्थेचे खरे मोठेपण इथेच आहे. प्रत्येक मुलीला अक्षरओळख आणि हाताला काम मिळालेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. शिवण, विणकाम, शेती, दुग्धालय, तेलघाणा, छापखाना हे सारे मुलींनीच चालवायचे. रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी दृष्टिहीन मुलींना ब्रेल शिकवले. मुलग्यांसाठी सदानंद सदन, तर फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते.

टीकाही झाली. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता पाळण्याचे आश्वासन होते; मुली ख्रिस्ती होऊ लागल्याच्या वादातून 1893 मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली. आश्रयाला आलेल्या पोरांना धर्माच्या निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र दुष्काळात त्या मुली रस्त्यावर होत्या आणि त्यांना उचलून आणायला रमाबाई स्वतः गेल्या, हेही तितकेच खरे.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईलाही कळेल अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. पूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर, 1924 मध्ये, प्रसिद्ध झाला.