परदेशस्थ माजी विद्यार्थी संघ (मुंबईची वैद्यकीय महाविद्यालये)

मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन परदेशी, मुख्यतः अमेरिकेत व ब्रिटनमध्ये, स्थायिक झालेल्या डॉक्टरांनी आपापल्या महाविद्यालयाच्या नावाने उभारलेल्या संस्था. भायखळ्याचे ग्रँट (जे. जे.), परळचे सेठ जी. एस. (केईएम), मुंबई सेंट्रलचे टोपीवाला नॅशनल (नायर) आणि शीवचे लोकमान्य टिळक (सायन) या त्यांच्या प्रमुख मातृसंस्था. स्नेहमेळावे भरवणे, महाविद्यालयाला व रुग्णालयाला देणगी देणे आणि मागून येणाऱ्या पदवीधरांना हात देणे अशी या संघांची तीन कामे. मेळाव्यांचा गाजावाजा जास्त होतो. पण महत्त्व पुढच्या दोन कामांना आहे.

पूर्वपीठिका. ग्रँट महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. वरिष्ठ जागा मात्र इंडियन मेडिकल सर्व्हिस या ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांकडे असत आणि त्या सेवेची स्पर्धा परीक्षा १८५५ पासून लंडनला होई. साहजिकच एम.आर.सी.पी. किंवा एफ.आर.सी.एस. (ब्रिटनमधल्या उच्च वैद्यकीय पात्रता) होऊन यायचे, तर बोट पकडावी लागे. ग्रँटचे विद्यार्थी जीवराज मेहता असेच लंडनला शिकले, परतले आणि जी. एस. महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय सुरू झाले तेव्हा महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अटच होती की, अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पात्र भारतीयच असावेत. नायरचे मूळ तर १९२१ च्या असहकार चळवळीतल्या नॅशनल मेडिकल कॉलेजात आहे. भारतीयांनी भारतीयांना शिकवावे म्हणून उभ्या राहिलेल्या या संस्थांचे पदवीधर पुढे मोठ्या संख्येने देश सोडून गेले, ही गोष्ट या संघांचा इतिहास वाचताना नजरेआड करता येत नाही.

केईएम, नायर आणि सायन ही महानगरपालिकेची रुग्णालये. तिथे शिकलेल्या डॉक्टरचे शिक्षण बव्हंशी मुंबईकरांच्या करातून आणि वॉर्डातल्या गरीब रुग्णांच्या सोशिकपणातून झालेले असते. लालबाग-परळच्या चाळींतला गिरणी कामगार खोकत ओपीडीत यायचा आणि त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून विद्यार्थी क्षय ओळखायला शिकायचा. गुजराती, पारशी, दाक्षिणात्य घरांतली मुले ‘कुठं दुखतंय?’, ‘किती दिवस झाले?’ इतके मराठी याच खाटांशेजारी शिकली. वॉर्डबॉय हे ‘मामा’ आणि आया ‘मावशी’; रात्रीच्या इमर्जन्सीत नव्या हाउसमनला, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टरला, सांभाळून घेणारी माणसे हीच. हे ऋण रुग्णांचे आणि शहराचे आहे. महाविद्यालयाच्या नावावर ते फेडण्याची सोय संघांनी केली.

स्थलांतर. ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि डॉक्टर कमी पडू लागले. १९५० आणि १९६० च्या दशकांत भारतीय डॉक्टर तिथे गेले ते प्रामुख्याने औद्योगिक गावांतल्या जनरल प्रॅक्टिसमध्ये आणि वृद्धांच्या वॉर्डांत, जिथे स्थानिक डॉक्टर जायला नाखूश असत. १९७५ मध्ये डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली आणि येणाऱ्यांपुढे परीक्षा आली. त्याच वर्षी परदेशी डॉक्टरांची संघटना स्थापन झाली, १९९६ मध्ये भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापियो’ आली. तिथली मुख्य लढाई समान वागणुकीची होती, त्यामुळे महाविद्यालयापेक्षा देश ही ओळख पुढे राहिली.

अमेरिकेची कथा वेगळी. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि त्याच वर्षी आलेल्या, वृद्धांच्या व गरिबांच्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी योजनांनी डॉक्टरांची मागणी वाढवली. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या, १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र हा प्रवेशाचा दरवाजा. मधली काही वर्षे तिची परीक्षा भारतात होत नसे, त्यामुळे उमेदवारांना देशाबाहेरचे केंद्र गाठावे लागे. मुंबईत पदव्युत्तर जागा मोजक्या, आणि रुग्णालयात ‘ऑनररी’ (मानद तज्ज्ञ) म्हणून नेमणूक मिळण्याची वाट लांबलचक. तिकडे अमेरिकेचा हा दरवाजा उघडा. तिथल्या १९७६ च्या कायद्याने तोही बराचसा लोटला गेला. तोवर मात्र एकेका बॅचमधले बरेच जण तिकडे पोहोचले होते.

संघांचा उदय. आधी आली ती ओळख. आपल्या कॉलेजचा सिनिअर कुठल्या शहरात रजिस्ट्रारच्या तोडीच्या जागेवर, म्हणजे रेसिडेन्सीत (रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणात), आहे हे पत्रांतून कळायचे. विमानतळावर घ्यायला येणे, पहिले आठवडे घरात ठेवून घेणे, मुलाखतीआधी अर्जावर नजर टाकणे, हे सगळे नोंदणीकृत संस्थेच्या आधीपासून चालत होते. १९८२ मध्ये भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘आपी’ ही अमेरिकाव्यापी संघटना उभी राहिली आणि तिच्या वार्षिक अधिवेशनांत महाविद्यालयवार संध्याकाळी रंगू लागल्या. जी. एस.च्या मंडळींचे ‘गोसुमेक फाउंडेशन’ हे या प्रकारातले ठळक उदाहरण. अमेरिकेत ना-नफा संस्था म्हणून करसवलत मिळाली की देणगीदाराला वजावट मिळते. पैसा सातत्याने जमू लागण्यामागे भावनेइतकाच हाही व्यवहार आहे.

मराठी डॉक्टरांचा वावर या संघांपुरता नव्हता. महाराष्ट्र मंडळांत आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळातही ते दिसत. पण तिथे जोडणारा धागा भाषेचा होता. कॉलेजच्या संघात मात्र ‘तुझी बॅच कुठली?’ हा पहिला प्रश्न, आणि उत्तरावरून कोणी कोणाला ‘सर’ म्हणायचे ते ठरते. साठी उलटलेला डॉक्टरही एका वर्षाने मोठ्या असलेल्याला ‘सर’ म्हणतो.

देणगीचे स्वरूप. सुरुवातीची ओढ यंत्रांकडे होती. यंत्राचा फोटो निघतो, त्यावर नावाची पाटी लागते. पण अमेरिकेतले उपकरण १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालणारे, मुंबईत वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. शिवाय सीमाशुल्क, सुटे भाग, देखभालीचा वार्षिक करार, आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाची मंजूर जागा. यांतले एकही नसेल तर भेट आलेले यंत्र कोपऱ्यात धूळ खाते. म्हणून कायम ठेव ठेवून तिच्या व्याजातून काम चालवण्याची पद्धत सरस ठरते: गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, तरुण अध्यापकांच्या संशोधनाला अनुदान, ग्रंथालय, व्याख्यानमाला. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत समाजसेवा विभागामार्फत चालणारा ‘पुअर बॉक्स चॅरिटी फंड’ असतो. स्टेंट, इम्प्लांट, महागडे औषध परवडत नाही अशा रुग्णाचा कागद घेऊन नातेवाईक त्या टेबलापाशी उभा राहतो. दूरवरच्या देणगीला याहून थेट वाट क्वचितच मिळते.

परदेशी पैसा घेण्यावर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या भारतीय कायद्याचे, नियंत्रण आहे. तो प्रथम १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये नव्याने झाला. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. एका नोंदणीकृत ट्रस्टने रक्कम घेऊन छोट्या संस्थांना वाटण्याची वाट त्यामुळे बंद झाली. २०२१ च्या दुसऱ्या कोविड लाटेत परदेशस्थ भारतीय डॉक्टरांच्या संघटनांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर धाडले, तेव्हा या नियमांची अडचण देशभरच्या मदतकार्यात जाणवली.

आजचे काम. १९९० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी यूएसएमएलई ही परीक्षा आली आणि वाट पुन्हा बदलली. आता उमेदवाराला गुणांबरोबर अमेरिकन रुग्णालयातला अनुभव दाखवावा लागतो. त्यासाठी तो काही आठवडे ऑब्झर्व्हरशिप शोधतो: वॉर्डात उभे राहून पाहायचे, रुग्णाला हात लावायचा नाही. ती जागा देणारा विभागप्रमुख, शिफारसपत्र लिहिणारा प्राध्यापक आणि त्या काळात राहायला खोली देणारे घर हे तिन्ही अनेकदा संघाच्या यादीतून सापडतात.