कादंबरीमालेचा गेम करायचाय? भेटीला येण्याआधी हे वाचा

आम्ही सोलापुरातला छोटा गेम स्टुडिओ. मोबाइल आणि पीसीसाठी ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम बनवतो. विज्ञानकथांची मालिका लिहिणारे लेखक आणि त्यांचे प्रकाशक हल्ली चौकशीला येतात. त्यांच्यासाठी हे पत्रक, म्हणजे पहिली बैठक नुसत्या चहापाण्यात जायला नको.

गोष्ट तशीच्या तशी येईल का?

हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. तशीच्या तशी येणार नाही, आणि येऊही नये. वाचक नायकाच्या मनात शिरून बसतो. खेळणाऱ्याला हातपाय हलवायचे असतात. म्हणून कथानकाला हात घालण्याआधी आम्ही एवढंच विचारतो: तुमच्या जगाचा नियम कोणता, आणि त्यापायी नायकाला घडोघडी काय करावं लागतं?

दिमित्री ग्लुखोव्स्की यांची ‘मेट्रो २०३३’ ही रशियन कादंबरी घ्या. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत तग धरून राहिलेली माणसं, आणि त्यांचं चलन म्हणजे बंदुकीच्या गोळ्या. युक्रेनच्या फोर-ए गेम्सने २०१० साली तिच्यावर गेम काढला, तेव्हा हे चलन सोडलं नाही. युद्धाआधीच्या चांगल्या गोळ्या बाजारात पैसे म्हणून चालतात आणि बंदुकीतही चालतात. अंगावर राक्षस आला की खेळणारा अक्षरशः पैसे उडवतो! जमिनीवर हवा विषारी, म्हणून मास्क. त्याचा फिल्टर किती उरलाय हे बघायला नजर सारखी मनगटावरच्या घड्याळाकडे जाते. निवेदनाचं एकही वाक्य न वापरता धास्ती बसते.

आता आपल्या गावचं उदाहरण. समजा, तुमच्या मालिकेत सोलापुरावर यंत्रांचा पहारा आहे आणि ती यंत्रं आवाजावरून माणूस हेरतात. तुम्ही लिहिलंत, ‘तो पूर्वभागातल्या कारखान्यातून लपतछपत निसटला.’ पुस्तकात एका ओळीत काम झालं. आम्ही त्याचा दहा मिनिटांचा खेळ करू. पूर्वभाग म्हणजे सोलापुरातली तेलुगूभाषक विणकरांची वस्ती, तिथले कारखाने पॉवरलूमचे, म्हणजे यंत्रमागांचे. पॉवरलूम चालू आहेत तोवर त्या खटखटाटात पळा, पेटी ढकला, दार फोडा, कोणाला पत्ता लागणार नाही. मधेच लाइट जाते आणि सगळे माग एकदम गप्प. आता पायाखाली रिकामी कांडी घरंगळली तरी खेळ खलास. लाइट जायच्या आधी दिवे मंदावतील, तेवढीच काय ती सूचना. मागांचा आवाज मात्र खऱ्या शेडमध्ये जाऊनच रेकॉर्ड करायचा. इंटरनेटवरचा तयार आवाज सोलापूरकर लगेच ओळखतो. आणि पूर्वभागातलं पात्र घरात तेलुगू बोलत असेल, तर गेममध्येही बोलू दे. पुस्तकात तुम्ही ते मराठीत लिहिलं असलं तरी.

सगळे भाग एकाच गेममध्ये?

तो आग्रह धरू नका. ‘मेट्रो’चा दुसरा गेम, २०१३ चा ‘लास्ट लाइट’, ‘मेट्रो २०३४’ या दुसऱ्या कादंबरीवर बेतलेला नाहीच. तो पहिल्या गेमची गोष्ट पुढे नेतो. २०१९ च्या ‘एक्झोडस’ने ‘मेट्रो २०३५’चा धागा उचलला. ज्या भागात तुमच्या जगाचा नियम सगळ्यात ठळक आहे तिथून सुरुवात करावी, मग तो तिसरा का असेना.

हक्कांचे कागद

इथे घाई नको. प्रकाशकाशी झालेला करार आधी काढून बघा; रूपांतराचे हक्क तुमच्याकडेच आहेत की छापतानाच देऊन बसलात? भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गेम स्टोअरवर जगभर विकला जातो, त्यामुळे ही दुसरी ओळ राहून गेली तर पुढे फार अडतं.

मोबदला एकरकमी की टक्क्यांत, हेही नीट ठरवा. पोलंडचे लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांनी आपल्या ‘विचर’ या पुस्तकमालेवरच्या गेमसाठी टक्केवारी नाकारून रोख रक्कम घेतली. गेम तुफान चालल्यावर २०१८ मध्ये त्यांनी ६ कोटी झ्लॉटींची (पोलंडचं चलन) मागणी केली; २०१९ च्या अखेरीस नवा करार झाला. आम्ही थोडी आगाऊ रक्कम आणि पुढे टक्केवारी असंच सुचवतो, कारण मोठी रोख रक्कम आमच्याकडे नाही, हे सरळ सांगितलेलं बरं.

आधी डेमो

पहिल्यांदा दहा मिनिटांचा डेमो दाखवू. त्यात भिंती करड्या, पात्रं बिनचेहऱ्याची असतील. बघून हिरमुसू नका. हात रमतोय का तेवढं बघा. रंगरंगोटी नंतर. फोनवरची चाचणी आम्ही एसी बंद ठेवून घेतो. मे महिन्यात इथे फोन तापतो, प्रोसेसर आपोआप मंदावतो आणि ऐन मारामारीत गेम अडखळतो. स्टोअरचं शुल्क किरकोळ आहे: गूगल प्लेवर एकदाच २५ डॉलर, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दर गेममागे १००.

येताना पुस्तकांबरोबर प्रकाशकाचा करार आणि तुमच्या जगाचा हाताने काढलेला नकाशा आणा, वेडावाकडा असला तरी चालेल. वेळ फोनवर ठरवा. संक्रांतीचा आठवडा तेवढा सोडा, तेव्हा सिद्धेश्वराची यात्रा असते; आमची निम्मी मंडळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात आणि उरलेली गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत.